शनिवारकडे लक्ष असू द्या

मध्यरात्र उलटून एक वाजून सात मिनिटांनी फोन किणकिणला, तर परदेशात राहणारा कुठलाही मराठी माणूस दचकून उठतो. अशा वेळी भारतातून चांगली बातमी येत नाही. पण आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाचे लोक फेब्रुवारी-मार्चात दचकत नाहीत. कूस बदलतात आणि पुटपुटतात, "वेधशाळा असेल." सकाळी चहाबरोबर बघावं तर संदेश आलेला असतो : 'शनिवारकडे लक्ष असू द्या.'

चारच शब्द. किती पडणार, कुठे पडणार, मुळात पडणार का, यातलं काहीही नाही. पण तेवढ्याने आठ वाजेपर्यंत अख्ख्या आठवड्याच्या बेतांना घाम फुटतो. कुणाकडे डोहाळजेवण असतं, कुणाचे आईवडील शनिवारी नुवार्कला उतरणार असतात, कुणी गराज साफ करायचं बायकोला कबूल केलेलं असतं (हा गृहस्थ सर्वांत उत्सुक). सगळे एकेक करून विचारू लागतात, "काका, नक्की का?" आणि उत्तर येतं, "नक्की कसं म्हणणार? अजून चार दिवस आहेत." मग लिहिलंत कशाला, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

काकांचं खरं नाव त्यांच्या पासपोर्टात असेल. आम्हा सगळ्यांना ते 'वेधशाळा' म्हणूनच ठाऊक. त्यांच्या पत्नी वेधशाळेच्या काकू. मुलगी शिकागोला असते. पुष्कळशी वादळं आधी तिकडून जातात, म्हणून ती उपकेंद्र. राहायला ते आम्हा एडिसनवाल्यांपासून पंचवीसेक मैल पश्चिमेला, ब्रिजवॉटरच्या पुढे, व्हाइटहाउस नावाच्या गावात. त्यामुळे पुण्यातल्या त्यांच्या एका आत्याची अनेक वर्षं अशी समजूत होती की पोरगा फार वर पोचला.

वय अडुसष्ट. अंगकाठी छत्रीच्या दांडीसारखी. डोक्यावर ऑक्टोबर ते एप्रिल पुण्याहून आणलेली चॉकलेटी माकडटोपी. औषध कंपनीत आकडेवारीचं काम करून निवृत्त झाले, आणि तिथे ज्या शिस्तीत गोळ्यांचे दुष्परिणाम मांडत त्याच शिस्तीत आता आमचे शनिवार-रविवार मांडतात. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी. हा माणूस आकाशाकडे कधी बघत नाही. एकदा देशी दुकानाबाहेर मी आणि ते भाजीच्या पिशव्या घेऊन उभे होतो आणि वरून भुरभुर चालू झाली. मी म्हटलं, "काका, आत सरकू या, पाऊस आला." त्यांनी फोन काढला, रडार उघडलं, दोन बोटांनी ताणून मोठं केलं आणि म्हणाले, "नाही. आत्ता इथे काही नाहीये." चष्म्याच्या काचेवरून थेंब ओघळत होते. ते पुसायलाही त्यांनी रडार बंद केलं नाही.

अंदाज सांगायचा हा दोष मात्र आनुवंशिक नाही. काकांचे वडील पुण्याच्या सिमला ऑफिसात कारकून होते. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला हे नाव पडलं, कारण हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून तिथे आलं. खातं पुढे दिल्लीला गेलं, बसथांबा सिमला ऑफिसच राहिला. वडिलांचं काम नोंदींचं. कुठे किती पाऊस झाला, कमाल किती, किमान किती. शेजारी गमतीने विचारत, "काय हो, उद्या छत्री न्यायची का?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "कालचं विचारा, सांगतो." उद्याबद्दल त्या माणसाने जन्मभर अवाक्षर काढलं नाही. मुलगा अमेरिकेला निघाला तेव्हा त्यांनी अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड, लाल बांधणीची रोजकीर्दीची वही आणून बॅगेत घातली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. काकांनी ती बर्फाला लावली. जमेला अंदाज, नावे प्रत्यक्ष. वही ते सगळ्यांना दाखवतात, पण उघडताना उजव्या पानावर हात ठेवून.

बिघाड झाला तो 1993 च्या मार्चात. काका इथे येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. एका खोलीच्या घरात चार ब्रह्मचारी, एक टीव्ही, एक कुकर. आठवड्याच्या सुरुवातीलाच टीव्हीवरचा एक सुटातला माणूस नकाशावर हात फिरवत म्हणाला, येत्या शनिवारी मोठं वादळ येणार. चौघंही हसले. बाहेर लख्ख ऊन होतं. जिथे नळ दुरुस्त करणारा सांगितलेल्या दिवशी येत नाही अशा शहरातून आलेली ही मुलं. वादळ सांगून येईल यावर त्यांचा विश्वास बसणार कसा? शनिवारी सकाळी काकांनी पडदा सरकवला आणि रस्ता नव्हता. 12 ते 14 मार्च, शुक्रवार ते रविवार. मेक्सिकोच्या गल्फमध्ये जन्मलेल्या त्या वादळाने अलाबामापासून मेनपर्यंत बर्फ टाकला. बर्मिंगहॅमसारख्या दक्षिणेतल्या गावात 13 इंच, पूर्व किनाऱ्यावरचे विमानतळ एकापाठोपाठ एक बंद, माणसं दोनशेच्या वर गेली. अमेरिकेतले लोक अजून त्याला शतकाचं वादळ म्हणतात. बाकीचे तिघे खिडकीत उभे राहून बर्फ बघत होते. काका टीव्हीकडे बघत होते. "बोलल्याप्रमाणे आला रे," असं ते दिवसभर म्हणत होते म्हणे. कुणी साक्षात्कार झाल्यावर संन्यास घेतो. काकांनी केबल घेतली.

तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीतल्या बर्फात त्यांना गोडी उरली नाही. तो काय, पडतोच. खरा हंगाम हिवाळा सरता सरता. तेव्हा कॅनडात अजून हाडं गोठवणारी थंडी मुक्काम ठोकून असते, खाली गल्फवरच्या हवेला उन्हाळ्याचे वेध लागलेले असतात, आणि दोघांची गाठ पडते ती आमच्या डोक्यावर. "सासर आणि माहेर एकाच वेळी घरी आलं की मधल्या खोलीची जी अवस्था होते ना, ती आपली," असं काका सांगतात. मग हॅटरसच्या भूशिराजवळ समुद्रावर कमी दाबाचं नवं बाळ जन्मतं, बघता बघता बाळसं धरतं आणि किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकतं. ते किनाऱ्याला चिकटून गेलं की समुद्राची ऊब आत येते आणि आम्हाला पाऊस. फार लांबून गेलं की मासळीला बर्फ आणि आम्हाला ऊन. नेमकं जायला हवं ते चाळीस अक्षांश आणि सत्तर रेखांश जिथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूच्या आसपास. हवामानवाले त्या बिंदूला बेंचमार्क म्हणतात. काकांच्या फ्रिजवरच्या नकाशात त्या जागी काकूंच्या करंड्यातलं कुंकू लावलेलं आहे. नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला भर समुद्रात, सौभाग्याचं.

एरवी रूक्ष असलेला हा विषय काकांनी स्वयंपाकघरात आणून सोडला, हे त्यांचं आमच्यावर ऋण आहे. थंड हवेतला कोरडा, भुसभुशीत बर्फ म्हणजे पातळ पोहे : ढीग मोठा, वजन नाही, फुंकर मारली तरी उडतात. मार्चातला ओला बर्फ म्हणजे दहीभात; फावड्याला चिकटतो आणि कंबर मोडतो. वर मैलभर उंचीवर उबदार हवेचा थर घुसला की त्यातून पडताना बर्फ वितळतो. खाली येता येता पुन्हा गोठला तर तो स्लीट, म्हणजे साबुदाणा. आणि गोठायला वेळच मिळाला नाही, पाणी म्हणूनच खाली येऊन फांदीवर, तारेवर, गाडीच्या काचेवर पडल्यावर गोठलं, तर तो पाक. "पाकाला भ्यावं," काका बजावतात, "पोह्यांना नाही." सरकारी इशाऱ्यांचंही तसंच. वॉच आणि वॉर्निंग यांत आमचा कायम घोळ व्हायचा. काकांनी एका हळदीकुंकवाच्या दिवशी तो कायमचा सोडवला : वॉच म्हणजे स्थळ आलंय, वॉर्निंग म्हणजे साखरपुडा झाला, आणि ॲडव्हायजरी म्हणजे मुलगा बरा आहे पण पगार कमी. त्या दिवशीपासून मंडळातल्या बायका 'काय, साखरपुडा झाला का हो?' असंच विचारतात. एकदा एका उपवर मुलीच्या आईचा त्यातून भलताच गैरसमज झाला, पण ते सांगत बसलो तर शनिवार येईल.

रात्रीचा दिनक्रम ठरलेला. साडेदहाला अमेरिकन हवामान मॉडेलचे नकाशे एकेक करून उमटू लागतात, साडेबारा-एकच्या सुमाराला युरोपियन. मधल्या दोन तासांत काका झोपत नाहीत, कारण अमेरिकनने जे सांगितलं त्यावर युरोपियन काय म्हणतो हे कळल्याशिवाय झोप लागेलच कशी? आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं असतं तर गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या आकड्यात किंचित किंचित फरक करून तेच वादळ पुन्हा पुन्हा चालवून बघतात. युरोपियन एकावन्न वेळा, अमेरिकन एकतीस वेळा. "आहेरावरूनच घराणं कळतं," काका म्हणतात. या सगळ्यांचे मार्ग एका नकाशावर काढले की किनाऱ्यावर कुणीतरी शेवयांचं पातेलं उपडं केलंय असं वाटतं. काका त्या शेवयांत तासन्‌तास बोट फिरवत बसतात.

टीव्हीवरची एक वाहिनी 2012 पासून हिवाळी वादळांना नावं देते. सरकारी हवामान खातं ती मानत नाही आणि काकाही मानत नाहीत. ते आपली ठेवतात. गाजावाजा करून शेवटच्या क्षणी न येणारं वादळ म्हणजे बंडूकाका. एका रात्रीसाठी म्हणून येऊन तीन दिवस हलत नाही ते माईआत्या. पत्ता विचारत विचारत भलत्याच गावी जाऊन उतरणारं ते नागपूरचे अण्णा. 2018 चा मार्च हा त्यांचा सुवर्णकाळ. 2, 7, 13 आणि 21 तारखेला, तीन आठवड्यांत चार वादळं किनाऱ्याला धडकून गेली. "अख्खं माहेर येऊन गेलं," असं त्या महिन्याबद्दल ते अजून गहिवरून सांगतात. त्या काळात काकूंनी किती वेळा चहा टाकला याची नोंद उपलब्ध आहे, पण तिच्याकडे मी नंतर येतो.

काका चुकतात का? चुकतात. मात्र चुकण्याबाबत त्यांची भूमिका स्वच्छ आहे. 2015 च्या जानेवारीत न्यूयॉर्कला दोन-तीन फूट पडणार म्हणून भुयारी रेल्वेसुद्धा बंद केली होती; बर्फासाठी ती बंद करण्याची पहिलीच वेळ. सेंट्रल पार्कात मोजला तो 9.8 इंच, आणि आमच्या बाजूला त्याहून कमी. तेव्हा माउंट हॉलीच्या सरकारी हवामान कार्यालयातल्या अधिकाऱ्याने ट्विटरवर जाहीर माफी मागितली. आम्ही काकांकडे आशेने बघत होतो. काका म्हणाले, "तो सरकारी नोकर आहे, त्याला मागावी लागते." वर 1888 चं उदाहरण दिलं. त्या वर्षी 11 मार्चला, रविवारी, दिवसभर पाऊस होता. रात्रीतून त्याचा बर्फ झाला आणि सोमवारी न्यूयॉर्क गाडलं गेलं. चारशेहून अधिक माणसं दगावली. कुणाला आधी सुगावा नव्हता. "सांगून न येण्यापेक्षा सांगून न आलेलं बरं." हे वाक्य मी तीनदा मनात फिरवून बघितलं. त्यात कुठेतरी फट आहे, पण सापडत नाही.

आता त्या शनिवारचं. मी मंडळाचा चिटणीस, म्हणजे हॉलच्या किल्ल्या आणि लोकांच्या शिव्या ज्याच्याकडे जमा होतात तो. मराठी भाषा दिन 27 फेब्रुवारीला असला तरी आमच्याकडे तो शाळेचं सभागृह मिळेल त्या शनिवारी उगवतो. त्या वर्षी मार्चातला पहिला शनिवार मिळाला होता. वॉशिंग्टनच्या बाजूचा एक हौशी संच दोन अंकी नाटक घेऊन, नेपथ्य व्हॅनमध्ये भरून टर्नपाइकने येणार होता. दोनशे ऐंशी डबे सांगायचे होते : बटाटेवडा, मसालेभात, जिलबी. डबेवाल्या बाईंनी बजावलं होतं, "गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत आकडा सांगा. त्यानंतर उकडलेला बटाटा तुमचा."

मंगळवारी मध्यरात्री ते चार शब्द आले.

बुधवारी युरोपियनने आमच्यावर 14 इंच टाकले आणि अमेरिकनने नुसता पाऊस. गुरुवारी सकाळी दोघांनी आपापसांत मतं बदलून घेतली. मी कामावरून काकांना फोन केला. आवाजात इतका आनंद होता की मला वाटलं उपकेंद्राचं लग्न ठरलं.

"अरे, काय वादळ आहे! शेवया बघितल्यास का तू?"

"काका, डब्यांचा आकडा द्यायचाय. कार्यक्रम करायचा की नाही?"

"साठ टक्के."

"साठ टक्के काय?"

"म्हणजे असं बघ, असे दहा शनिवार घेतले तर त्यांतल्या सहा शनिवारी सहा इंचांच्या वर पडेल."

"काका, आपल्याला हॉल एकाच शनिवारी मिळालाय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग अत्यंत प्रेमळ स्वरात, "हो, तो प्रश्न आहे खरा. पण निर्णय तुमचा हं. मी फक्त शक्यता सांगतो."

ही त्यांची खासियत. शेकडो मैलांचं वादळ तळहातावर घेऊन ते उंबरठ्यापर्यंत येतात आणि आत कुठे ठेवायचं हे मात्र तुम्हाला विचारतात.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या देशी बाजारात, ओक ट्री रोडवर, जे दृश्य होतं ते वर्णन करण्याजोगं होतं. अमेरिकन माणूस वादळ म्हटलं की दूध, पाव आणि अंडी उचलतो. आमचा माणूस दूध उचलतोच. शिवाय कोथिंबीर, मेथी, पनीर, दही आणि दहा किलो कणीक, जणू बर्फ वितळेपर्यंत जूनच उजाडणार आहे. साडेसातला दुकानात कोथिंबिरीची फक्त देठं होती. दोन बायका एकाच जुडीला धरून 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' म्हणत होत्या आणि दोघीही सोडत नव्हत्या. ही सगळी धावपळ काकांच्या चार शब्दांमुळे. स्वतः काका मात्र काही घेत नाहीत. त्यांच्या लक्षातच येत नाही. लोक हवालदिल होऊन सामान भरतात तेव्हा ते हॅटरसपाशी असतात.

घर चालतं ते काकूंमुळे. काकू हवामानावर बोलत नाहीत. त्यांची एकच खूण आहे. वादळाआधी रस्तेदुरुस्तीच्या गाड्या येऊन डांबरावर मिठाच्या पाण्याच्या पांढऱ्या, समांतर रेघा ओढून जातात. त्या रेघा घरासमोर दिसल्या की काकू हरभऱ्याची डाळ भिजत घालतात. "गावाने पैसे खर्च केले म्हणजे काहीतरी असणार," एवढाच त्यांचा सिद्धान्त. काकांचं म्हणणं, ही काही पद्धत नाही.

शुक्रवारी दुपारी साखरपुडा झाला, पण तोही आडपडद्याने. काकांच्या गावाला वॉर्निंग, आम्हाला नुसती ॲडव्हायजरी. मुलगा बरा, पगार कमी. कार्यकारिणीची फोनवर बैठक भरली. खजिनदार म्हणाले, करू या. नाटकवाले म्हणाले, टर्नपाइकवर नेपथ्यासकट रात्र काढायची आमची तयारी नाही, पहिल्या अंकात एक पलंग आहे पण तो खोटा आहे. काकांना मुद्दाम बोलावलं होतं. ते वीस मिनिटं पाऊस आणि बर्फ यांमधल्या सीमारेषेवर बोलले. ती रेषा म्हणे साधारण 95 नंबरच्या हमरस्त्याला धरून राहते, पण त्या दिवशी दहा मैल अलीकडे येईल की पलीकडे जाईल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. शिवाय मार्चचा सूर्य म्हणजे ऑक्टोबरचा सूर्य. दिवसा पडलेला बर्फ रस्त्यावर टिकत नाही, रात्री पडला तर टिकतो, म्हणजे प्रश्न किती वाजता हा आहे. "मग किती वाजता?" कुणीतरी विचारलं. "तेच तर," काका म्हणाले. पाच विरुद्ध चार मतांनी कार्यक्रम पुढे ढकलला गेला. डबे आधीच सांगून झाले होते.

शनिवारी एडिसनमध्ये पाऊस पडला.

नुसता पाऊस. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. छत्री उलटी होईल असा वारासुद्धा नाही. पारा 36 फॅरनहाइटवर येऊन बसला तो हलला नाही. सगळ्यांची घरं दुधाने आणि कोथिंबिरीने भरलेली, नाटकवाले आपल्या घरी, सभागृह बंद. चार वाजता, म्हणजे पहिली घंटा झाली असती त्या वेळी, खजिनदारांनी मंडळाच्या गटावर लिहिलं, 'पाऊस छान आहे.' त्यावर सतरा जणांनी अंगठे दाखवले. काकांचा पत्ता नाही. मी पाच वेळा फोन लावला. माझ्या गराजमध्ये एकशे दहा डबे रचून ठेवलेले होते. बाकीचे मी आणि बायकोने दारोदार जाऊन, माफी मागून, वाटले. माफी मागताना मला माउंट हॉलीच्या त्या अधिकाऱ्याबद्दल सख्ख्या भावासारखी माया वाटली.

रविवारी सकाळी मी चाळीस वडे पिशवीत भरले आणि व्हाइटहाउसला निघालो. वडे द्यायला, असं बायकोला सांगितलं. मनात वाक्यं तयार होती. 287 वर काळाभोर, ओला रस्ता. ब्रिजवॉटरपर्यंत वाक्यं चांगली धारदार झाली होती. 22 नंबरला वळलो आणि कडेच्या गवतावर कुणीतरी पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं. पुढच्या सिग्नलला गवत नव्हतं. त्याच्या पुढे कुंपणं अर्धी झाली, मग टपालपेट्या टोप्या घालून उभ्या. वाऱ्याने नव्हे, वजनाने वाकलेली झाडं. दहीभात. चार-पाच मैलांत मी मार्चातून जानेवारीत गेलो. काकांच्या गल्लीत पोचेपर्यंत माझी निम्मी वाक्यं निकामी झाली होती आणि गाडी त्यांच्या दारात रुतली.

दार काकूंनी उघडलं. पायात गुडघ्यापर्यंत बूट, अंगावर काकांचं जाकीट, हातात शाळेतली लाकडी फूटपट्टी आणि काखेत पोळपाट. बर्फ मोजायला अंगणात पांढरी सपाट फळी ठेवायची असते. देशभर स्वयंसेवकांची एक संस्था आहे, रोज सकाळी सात वाजता पाऊस-बर्फ मोजून कळवणाऱ्यांची. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'कोकोराज' असा होतो. काका तिचे सभासद आहेत, आणि हे संस्थान कुठलं असं पुण्याच्या आत्याने विचारलंही होतं. तर त्या फळीसाठी काकांनी काही वर्षांपूर्वी घरातला शिसवी पोळपाट पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवला. तेव्हापासून काकू ओट्यावर पोळ्या लाटतात.

"हळू बोल," काकू म्हणाल्या, "चार रात्रींनी झोपलेत."

दिवाणखान्यात काका आरामखुर्चीत आडवे होते. माकडटोपी डोळ्यांवर ओढलेली, तोंड उघडं. खिडकीबाहेर झाडांच्या फांद्या काचेला टेकल्या होत्या, शेजारच्याचं बर्फ उडवायचं यंत्र घुरघुरत होतं, एक लाल पक्षी पांढऱ्या कठड्यावर बसला होता. इतक्या दिवसांची ज्याची वाट बघितली ते सगळं दोन फुटांवर येऊन उभं होतं आणि काका घोरत होते. पोटावरचा लॅपटॉप चालू होता. नकाशा पुढच्या गुरुवारचा होता.

मी वड्यांची पिशवी ओट्यावर ठेवली. काकूंनी पोळपाट झटकला, बूट काढले, हात पुसले आणि फ्रिजवरून लाल वही काढली. त्या दिवशी पहिल्यांदा मला उजवं पान दिसलं. डावीकडे काकांचं टोकदार, घाईचं अक्षर : '8 ते 14 इंच, शक्यता 60.' उजवीकडे गोल, शाळेतल्या बाईंसारखं वळणदार अक्षर. मी मागची पानं चाळली. 2018. 2010. 2003. डावीकडचं अक्षर वर्षागणिक थरथरत गेलेलं, उजवीकडचं आहे तसं. अंदाज सगळे काकांचे. पडलेला बर्फ इंचाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत काकूंच्या अक्षरात.

"ते रात्रभर जागतात ना," काकू म्हणाल्या, "सकाळी सातला उठवत नाही."

आकड्यांच्या बाजूला बारीक अक्षरात आणखीही काही होतं. 2018 च्या मार्चात, 7 तारखेसमोर : 'चहा 9 वेळा. वीज गेली, मेणबत्त्या माळ्यावर.' 2015 चा जानेवारी काढला. डावीकडे '24 ते 30', खाली दोनदा अधोरेखित. उजवीकडे 'साडेचार', आणि पुढे, 'दूध फार झालं. पनीर केलं.'

"वडे किती आणलेस?" काकूंनी पेन उघडत विचारलं.

"चाळीस."

त्यांनी तारीख घातली. '11.4' लिहिलं. जरा थांबून त्याच्या पुढे लिहिलं, 'वडे 40,' आणि मला म्हणाल्या, "फावडं दाराशीच आहे."